४२.३४ मीटरवरचे चिमूर

नागपूरजवळच्या बेसाहून चिमूर शंभरेक किलोमीटरवर. १६ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे गोळीबार झाला, संतापलेल्या जमावाने अधिकाऱ्यांना ठार केले. पुढच्या दिवसांत फौज-पोलिसांनी गावात, विशेषतः बायकांवर, जे अत्याचार केले ते छापायची वृत्तपत्रांना सोय नव्हती. चिमूरची हकिकत सविस्तर ऐकवली ती मुंबईत चोरून चालणाऱ्या काँग्रेस रेडिओने, ४२.३४ मीटरच्या लघुलहरीवर. तो चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. निरोपे देशभरातून मजकूर आणत, प्रक्षेपक सतत जागा बदले. २७ ऑगस्टला सुरू झालेले हे केंद्र १२ नोव्हेंबरला गिरगावात पकडले गेले.

निर्भेळ पत्रकारिता मात्र ती नव्हती. बातमीला लागूनच समाजवादी नेते राममनोहर लोहियांची भाषणे, आवाहने येत. तरीही चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातला उठाव ही बातमीपत्रे ठोस वाटतात, कारण त्यांत गावाचे नाव आहे, घटना आहे. खरखरीत, मध्येच बुडणाऱ्या लहरीवर अलंकार टिकत नाहीत. गंमत म्हणजे हे सारे आज वाचता येते ते पोलिसांमुळे. त्यांनीच ऐकून, टिपून, खटल्यासाठी जपून ठेवले!

त्याच काळात मराठीत दुसऱ्या महायुद्धाच्या बातम्या दोन्ही बाजूंनी येत होत्या. बर्लिनच्या आझाद हिंद रेडिओवर मराठीही होती. लंडनहून बीबीसीचे मराठी प्रसारण मार्च १९४२मध्ये सुरू झाले. साप्ताहिक समालोचनाचा इंग्रजी खर्डा बरेचदा जॉर्ज ऑर्वेलचा; मराठी आवाज देणाऱ्यांत कोल्हापूरकडच्या शिरोळच्या वेणू चितळे. संहिता आधी सेन्सॉरकडे जाई आणि वाचताना प्रसारण तोडायच्या बटणावर हात ठेवून एकजण बसलेला असे. इतक्या पहाऱ्यातही नेमके बोलणे हे कसब होते. पण आपल्या समीक्षेने नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर ग्रंथ लिहिले आणि या निवेदकांना तळटीपेतही जागा दिली नाही.

आज त्या कसबाचे काय उरले? आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८पासून आहे. त्याची प्रादेशिक बातमीपत्रे अजून शांत, स्वच्छ मराठीत येतात. फक्त ती सरकारी चौकटीत बसतील एवढेच सांगतात. मे २०२५मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला, तेव्हा बेसा-मनीषनगरच्या सदनिकांतून ऐकू येत होते ते दूरचित्रवाणीचे भोंगे. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्याही त्यातच. शेवटी नागरी संरक्षणाच्या सायरनचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, असे वाहिन्यांना गृहखात्याकडून सांगावे लागले.

खासगी एफएमला मात्र स्वतःची बातमी द्यायला आजही बंदी आहे. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावा, एवढीच परवानगी. त्यामुळे नागपूरच्या निवेदकाला रस्त्यावरची कोंडी सांगता येते, ती कोणत्या मोर्चामुळे झाली याचे वार्तांकन करता येत नाही. कारण सुरक्षेचे दिले जाते. त्या मे महिन्यात ज्या वाहिन्यांनी घबराट पसरवली, त्यांच्यावर अशी बंदी कधीच नव्हती.