जल्लोषाला दंड: गर्दीचं विज्ञान काय म्हणतं?

१५ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने अलाबामाला ५२-४९ असं हरवलं. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूवाला.) सलग १५ पराभवांनंतरचा हा विजय, तोही अगदी शेवटच्या किकवर. मग काय! स्टेडियममध्ये लाखभर लोक होते, त्यातले हजारो मैदानात उतरले, गोलपोस्ट उपटले आणि मिरवत नेऊन जवळच्या टेनेसी नदीत टाकले. अगदी साग्रसंगीत विसर्जन. त्यानंतर लीगने विद्यापीठाला १ लाख डॉलर दंड ठोकला. विद्यापीठाने नव्या गोलपोस्टसाठी चाहत्यांकडेच वर्गणी मागितली आणि ती जमलीसुद्धा.

अमेरिकेत कॉलेजचे सामने म्हणजे काय प्रकरण असतं हे आपल्याकडे पटकन कळत नाही. आपली आंतरमहाविद्यालयीन क्रिकेट मॅच बघायला टीममधल्या पोरांचे मित्र सोडून फारसं कुणी नसतं. त्यापेक्षा पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांतलं भरत नाट्य मंदिर आठवा, ‘अरे आव्वाज कुणाचा’ म्हणत छप्पर उडवणारी पोरं आठवा, आणि तो आवाज लाख माणसांचा आहे अशी कल्पना करा. साधारण तसं.

या उत्साहाला आवर घालण्यासाठी तिथल्या लीगनी बरेच नियम केलेत. त्यातले दोन नियम आज शेजारी ठेवून बघू. दोन्ही एकाच लीगचे आहेत, साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे. एक नियम मला चांगला वाटतो, दुसऱ्याची दिशा बरीच वर्षं चुकली होती असं माझं मत आहे. माझी पीएचडी दाणेदार पदार्थांच्या भौतिकशास्त्रात चालू आहे, म्हणजे वाळू, धान्य, गोळ्या वगैरे वाहतात कशा आणि अडकतात कशा. गर्दीवरचे बरेच पेपर याच शाखेतून निघालेत, म्हणून या विषयात नाक खुपसते आहे.

दंड वाढत गेला, पुढे काय?

मैदानात घुसण्याविरुद्ध या लीगने २००४ मध्ये धोरण आणलं. २०१५ पासून पहिल्या वेळी ५० हजार डॉलर, दुसऱ्या वेळी १ लाख, तिसऱ्या वेळी अडीच लाख. २०२३ मध्ये हेच आकडे १ लाख, अडीच लाख आणि ५ लाख झाले. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हँडरबिल्टने अलाबामाला हरवल्यावर विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून वाजतगाजत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला. २०२५ मध्ये लीगने पायऱ्याच काढून टाकल्या: आता प्रत्येक वेळी थेट ५ लाख.

औषध लागू पडत असतं तर डोस इतक्या वेळा वाढवावा लागला असता का?

इथे एक प्रसिद्ध प्रयोग आठवतो. युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थतज्ज्ञांनी तो इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत केला आणि २००० साली प्रसिद्ध केला. पालक मुलांना न्यायला उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांत दंड सुरू केला. उशिरा येणारे पालक कमी व्हायच्या ऐवजी वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. दंड बंद केल्यावरही ते पूर्वीइतके कमी झाले नाहीत. आधी उशीर झाला की बाईंसमोर ओशाळायला व्हायचं, दंड आल्यावर ती एक विकत घेता येणारी सोय झाली.

पाळणाघर आणि स्टेडियम एक नाहीत, हे मान्य. पाळणाघरात दंड निदान चुकणाऱ्याच्याच खिशातून जात होता. स्टेडियममध्ये घुसतो विद्यार्थी आणि पैसे भरतं विद्यापीठ. त्या क्षणी कठड्यावरून उडी मारणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला ५० हजार काय आणि ५ लाख काय, सारखेच. विद्यापीठापुरता तो ऐतिहासिक विजयाचा खर्च होऊन बसतो. टेनेसीत तर तो वर्गणी काढून साजराही झाला.

धोका खरा आहे

याचा अर्थ लीगची काळजी खोटी आहे असं अजिबात नाही. २१ जानेवारी २०२४ ला ओहायो स्टेटच्या कोर्टवर धावत आलेल्या एका प्रेक्षकाची केटलिन क्लार्कशी टक्कर झाली आणि ती खाली पडली. पुढच्याच महिन्यात वेक फॉरेस्टने ड्यूकला हरवल्यावर घुसलेल्या गर्दीत ड्यूकच्या काइल फिलिपाउस्कीला दुखापत झाली, त्याला आधार देऊन बाहेर न्यावं लागलं. त्याआधी २००४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टुसॉन शहरात हायस्कूलच्या सामन्यानंतर एक खेळाडू गर्दीखाली आला. मानेतली रक्तवाहिनी फाटली, स्ट्रोक आला आणि शरीराची एक बाजू लुळी पडली. तो जिंकलेल्या संघाचा होता, त्याला पाडणारे त्याचेच चाहते होते. यात द्वेषाचा भाग नव्हता, प्रेमच अंगावर आलं होतं.

म्हणून ‘पोरं आहेत, करू द्या मजा’ एवढं म्हणून भागत नाही. प्रश्न असा की धोका नेमका कशात आहे? नियमांची भाषा सांगते की तो उत्साहात आहे. गर्दीवरचं संशोधन वेगळं सांगतं.

चेंगराचेंगरी हा शब्दच बरोबर आहे

इंग्रजीत अशा घटनांना ‘स्टँपीड’ म्हणतात, म्हणजे बिथरलेल्या गुरांची पळापळ. आपला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द विज्ञानाच्या जास्त जवळचा आहे. माणसं बहुतेक वेळा पळण्यामुळे मरत नाहीत. चहूबाजूंच्या दाबामुळे छाती फुगायला जागा उरत नाही, श्वास घेता येत नाही, म्हणून मरतात. २०१७ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली, तिथे पळायला जागा तरी कुठे होती?

दर चौरस मीटरला चार-पाच माणसं असेपर्यंत आपण कसेबसे आपल्या मर्जीने पाऊल टाकू शकतो. सहा-सातच्या पुढे गेलं की गर्दी एखाद्या द्रवासारखी वागते आणि आपण तिच्याबरोबर वाहत जातो. फ्रान्समधल्या देनी बार्तोलो यांच्या गटाने स्पेनमधल्या सान फेर्मीन उत्सवाच्या उद्घाटनाची गर्दी कॅमेऱ्याने मोजली आणि २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये पेपर लिहिला. घनता एका मर्यादेपलीकडे गेली की शेकडो माणसं एकत्र, गोलाकार हेलकावे खाऊ लागतात. ढकलणारा कुणी लागत नाही, कुणी ठरवूनही करत नाही.

त्यात अडथळा आला की काय होतं, हे गिरणीत दळण टाकताना पाहिलंच असेल. धान्य एकदम ओतलं की तोंडाशी दाण्यांची कमान होते आणि सगळं अडतं, मग गिरणीवाला बाजूने ठोकतो. माणसांचंही तसंच. हेल्बिंग, फार्कश आणि विचेक यांनी २००० साली गणिती मॉडेलमधून दाखवलं की अरुंद दारातून जितकी घाई, तितका बाहेर पडायला उशीर. पुढे स्पेनमधल्या नाव्हारा विद्यापीठात हे माणसांवर आणि चक्क मेंढ्यांवर तपासलं गेलं.

आता ३० ऑक्टोबर १९९३ चा विस्कॉन्सिनचा सामना बघा. मिशिगनला हरवल्यावर विद्यार्थी मैदानाकडे सरकले. पुढे लोखंडी कठडे आणि जाळीचं कुंपण, मागून दाब. पुढचे चिरडले जाताहेत हे मागच्यांना दिसतच नव्हतं. कठडे कोसळले, सत्तरच्या आसपास लोक जखमी झाले, काहींची अवस्था गंभीर होती. कुणी दगावलं नाही, आणि ढिगाऱ्यातून माणसं ओढून काढणाऱ्यांमध्ये विस्कॉन्सिनचे खेळाडूही होते. धोका होता तो कठड्याजवळच्या घनतेत. मैदानावर मोकळी जागा भरपूर होती.

त्यामुळे ५ लाखांच्या धाकाने एखाद्या विद्यापीठाने ऐनवेळी फक्त कठडे मजबूत केले आणि माणसांची साखळी उभी केली, तर खेळाडू वाचतील आणि पुढच्या रांगेतली पोरं चिरडतील. दंडाचा नियम गर्दी आत आली की नाही एवढंच बघतो. ती किती दाट होती, कुठून आली, किती वेगाने आली, हे त्याच्या हिशोबातच नसतं.

घंटेचा नियम

आता दुसरा नियम. मिसिसिपी स्टेटचे चाहते सामन्याला गायीच्या गळ्यातल्या घंटा घेऊन येतात. १९७४ मध्ये लीगने आवाज करणाऱ्या सगळ्या साधनांवर बंदी घातली. घंटा लपूनछपून येतच राहिल्या. शेवटी २०१० मध्ये तडजोड झाली: सामन्याआधी वाजवा, टाइमआउटमध्ये, मध्यंतरात आणि गुण मिळाल्यावर वाजवा. पण चेंडू खेळात येताना वाजवू नका, कारण तेव्हा खेळाडूंना एकमेकांचे इशारे ऐकू यायला हवेत. विद्यापीठानेही ‘जबाबदारीने वाजवा’ अशी मोहीम काढली.

यामागचं कारण पक्कं आहे. नेव्हिल, बामर आणि विल्यम्स यांनी २००२ मध्ये ४० पात्र फुटबॉल पंचांना (हा आपला नेहमीचा फुटबॉल) एकाच सामन्यातले ४७ प्रसंग दाखवले, काहींना गर्दीच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. म्हणजे आवाजाचा परिणाम होतो. अर्थात लाख गळ्यांचाही होतो, त्यावर कुणी बंदी घालू शकत नाही. पण घंटेच्या नियमाची भाषा बघा. वाजवायला ना नाही, फक्त वेळ ठरवून दिलेली आहे. चाहत्याला काय करायचं नाही ते कळतं, आणि काय करता येईल तेही कळतं.

मैदानाच्या नियमालाही हीच भाषा हवी. २०२५ च्या बदलात तिची सुरुवात दिसते. पाहुणा संघ आणि पंच बाहेर पडेपर्यंत प्रेक्षकांना थांबवलं, तर ५ लाखांचा दंड माफ होऊ शकतो. माझ्या मते दंडाच्या आकड्यापेक्षा ही सवलत जास्त महत्त्वाची आहे, कारण तिने पहिल्यांदा वेळेचा विचार केला. पण ती इथेच थांबायला नको. टुसॉनचा मुलगा यजमान संघाचा होता, तेव्हा घरच्या खेळाडूंनाही वाट हवी. आणि प्रेक्षकांसाठी एकाऐवजी अनेक रुंद दारं हवीत, टप्प्याटप्प्याने उघडणारी, शिवाय स्क्रीनवर आधीच सांगितलेली.

पोरं ऐकतील का? युरो २००४ च्या वेळी पोर्तुगालमध्ये पोलिसांनी इंग्लंडच्या चाहत्यांपुढे दंगलविरोधी पथकं न मिरवता साध्या, बोलत्या पद्धतीने बंदोबस्त ठेवला. क्लिफर्ड स्टॉट आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. जिथे ही पद्धत होती तिथे दंगे कमी झालेच, वर चाहते आपल्यातल्याच आगाऊ लोकांना आवरत होते. गर्दीला डोकं नसतं ही समजूत जुनी आहे. तिला आपण कसं वागवतो, त्यावर तिचं वागणं बरंच ठरतं.

पुढचा गोलपोस्ट कधीतरी कुठल्यातरी नदीत जाणारच. लोखंड पुन्हा विकत मिळतं. कठड्याला टेकून उभी असलेली पहिली रांग सुखरूप घरी गेली का, हे विचारणारा नियम हवा.