कोरा कागद आणि पुठ्ठ्याचा कुत्रा

साथीच्या काळातील विद्यार्थिजीवनाचे वाङ्मय कोठे शोधावे? रोजनिश्यांत ते आहेच. परंतु आमच्या मते त्यातील दोन उत्कृष्ट कृती शब्दांवाचून निर्माण झाल्या, आणि दोन्ही २०२२ सालच्या चीनमधील.

त्या शरद ऋतूत तेथील अनेक विद्यापीठांची फाटके बंद होती. वसतिगृहांत अडकलेल्या मुलांनी रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून कुत्रे केले, त्यांना दोरी बांधली आणि फिरावयास नेले. पुढे २४ नोव्हेंबरला उरुम्छी येथील आगीत दहा माणसे दगावली; टाळेबंदीमुळे सुटकेस अडथळा झाला, असा लोकांचा समज झाला. २६ तारखेस नानजिंगमध्ये व २७ तारखेस बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात विद्यार्थी कोरे कागद धरून उभे राहिले.

कोऱ्या कागदाची कीर्ती जगभर झाली, आणि ती रास्तच होय. तरीही कलाकृती म्हणून आम्ही कुत्र्यास वरचे स्थान देऊ. कोरा कागद पाहणाऱ्याच्या मनातील मजकूर उसना घेतो. कुत्रा मात्र विशीतले नेमके एकटेपण सांगतो, आणि तेही हसत. आदेश काढणाऱ्याच्या तक्त्यात खाट, जेवण, तपासणी यांना रकाने असतात. या कुत्र्याला रकाना नसतो. आपल्यापैकी ज्यांनी असे तक्ते भरले, त्यांनी हे वाङ्मय अवश्य वाचावे.

७ डिसेंबरला निर्बंध सैल झाले. ते कुत्रे बहुधा रद्दीत गेले. त्यांची नोंद कोठेतरी राहावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.