पुरूचे दान आणि चित्रलेखेचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी समाजाच्या संस्थांत एक लेखनप्रकार नियमाने आढळतो. मंडळाच्या सूचनाफलकावर, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील संदेशांत तो दिसतो. त्याचे नाव ‘मदतीचे आवाहन’. वाङ्मयप्रकारांच्या यादीत त्याची गणना कोणी करीत नाही; परंतु आपल्यापैकी पुष्कळांनी वर्षभरात जेवढ्या कथा वाचल्या असतील, त्याहून अधिक आवाहने वाचलेली असतात. ज्या लेखनावर एखाद्या घराचे भवितव्य अवलंबून असते, ते समीक्षेच्या कक्षेबाहेर का ठेवावे, हे मला उमगलेले नाही.

या आवाहनांतील एक ठळक उपप्रकार मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा आहे. त्याची रचना ठरलेली असते. घरातील कर्त्या पुरुषाची किंवा मातेची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली असतात. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस चालू असते. मुलगा, मुलगी वा पत्नी मूत्रपिंड देण्यास सिद्ध असते. शस्त्रक्रियेचा खर्च काही लाखांचा सांगितलेला असतो आणि शेवटी ‘फूल ना फुलाची पाकळी’ देण्याची विनंती असते. कथानक संकटाकडून त्यागाकडे आणि त्यागाकडून सुटकेकडे जाते. शस्त्रक्रिया हा त्याचा परमोच्च बिंदू आणि तोच त्याचा शेवट.

हा घाट आवाहनकर्त्याने निर्माण केलेला नाही. तो आपल्या कथापरंपरेतून आलेला आहे. आदिपर्वातील ययातीची कथा प्रसिद्धच आहे. शुक्राचार्यांच्या शापाने जराग्रस्त झालेला राजा आपल्या पाचही पुत्रांकडे तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात व पित्याच्या शापाचे धनी होतात. धाकटा पुरू होकार देतो आणि राज्याचा अधिकारी ठरतो. पुत्राने आपल्या देहाचा अंश पित्यास देण्याची कल्पना आपल्या मनात रुजली, ती मुख्यतः या कथेमुळे. दानाचा एक क्षण, त्या क्षणाचे तेज आणि पुढे त्याचे फळ, असा तिचा क्रम आहे. नकार देणाऱ्यांच्या वाट्याला केवळ शाप येतो.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने तिची कीर्ती भाषेच्या सीमा ओलांडून गेली. ही कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या आत्मनिवेदनांतून उलगडते. पुरूला मात्र स्वतंत्र निवेदन नाही. खांडेकरांचा विषय अतृप्त भोगवृत्ती हा असल्याने त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते. तथापि देणाऱ्याला आवाज नसणे ही गोष्ट आपल्या आवाहनांतही जशीच्या तशी उतरलेली दिसते. ‘पत्नी मूत्रपिंड देण्यास तयार आहे’ या एका वाक्यात पत्नी संपते. भारतातील जिवंत दात्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या मौनाचे गांभीर्य कळते.

खांडेकरांच्या कादंबरीनंतर दोनच वर्षांनी, १९६१ साली, गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ हे कन्नड नाटक प्रसिद्ध झाले. सीमाभागातील आपल्या वाचकांना कार्नाड परके नाहीत. त्यांचा जन्म माथेरानचा आणि शिक्षण धारवाडचे. कार्नाडांनी मूळ कथेत नसलेले एक पात्र आणले : पुरूची नवपरिणीत वधू चित्रलेखा. पुरूने वार्धक्य स्वीकारले, त्याची थोरवी सर्वांनी गाइली. परंतु त्या तारुण्याशी जिचे आयुष्य बांधले गेले होते, तिला कोणी विचारले होते? चित्रलेखा हा प्रश्न थेट सासऱ्याला विचारते. त्याच्याजवळ उत्तर नसते. अखेर ती मृत्यूला जवळ करते आणि तेव्हाच ययाती आपले वार्धक्य परत घेतो. नाटककाराचे वय त्या वेळी पंचविशीच्याही आत होते. तरीही त्यागाची किंमत त्याग करणाऱ्यापाशी थांबत नाही, हे त्याला स्वच्छ दिसले होते.

येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रस्त झालेला पिता हा भोगलोलुप ययाती नव्हे. तो जगू पाहतो, आणि तसे करण्यात गैर काहीच नाही. साम्य आहे ते मागणाऱ्यात नाही, कथेच्या बांधणीत आहे. आणि आक्षेपही त्या बांधणीपुरताच आहे.

वास्तव काय आहे ते पाहावे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. गुजरातेत नडियादचे मूत्ररोग रुग्णालय १९७८ साली उभे राहिले आणि अहमदाबादेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांच्या परिश्रमांतून मूत्रपिंडविकारांची मोठी संस्था आकारास आली. बडोद्याच्या कित्येक मराठी घरांना या दोन्ही गावांची वाट परिचित आहे. शस्त्रक्रिया आता दुर्मीळ राहिलेली नाही. परंतु शरीर परक्या अवयवाला कधीच पूर्णपणे आपला मानत नाही. म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे, रोपित मूत्रपिंड चालू असेतो, रोज ठरल्या वेळी घ्यावी लागतात. रक्तातील औषधाची मात्रा वरचेवर तपासावी लागते. प्रतिकारशक्ती क्षीण झाल्याने साधा संसर्गही रुग्णालयात नेऊन सोडतो. औषधात खंड पडला की शरीर मूत्रपिंड नाकारू शकते, आणि रुग्ण पुन्हा डायलिसिसच्या यंत्रापाशी येतो.

समजा, औषधे व तपासण्या मिळून दरमहा १०,००० रुपये लागतात. वर्षाचे १,२०,००० झाले. दहा वर्षांचे १२ लाख. शस्त्रक्रियेसाठी गोळा झालेली रक्कम या आकड्यापुढे अपुरी ठरण्याचाच संभव अधिक. या हिशेबात बुडालेली रजा, सुटलेली नोकरी, परगावच्या मुक्कामाचे भाडे आणि सोबतीला राहणाऱ्या माणसाची मजुरी धरलेलीच नाही. आवाहनाची कथा जेथे संपते, तेथून खर्चाचा दुसरा आणि दीर्घ अध्याय सुरू होतो. त्या अध्यायाला वाचक नसतात, म्हणून दातेही नसतात.

शासकीय योजनांची रचनाही पुष्कळशी याच कथेसारखी आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबास वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. गुजरातने २०२३ साली ते १० लाखांवर नेले. महाराष्ट्राने त्याच वर्षी आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरून कर्नाटकाशी वादही झाला. हे साहाय्य मोलाचेच आहे. परंतु आयुष्मान योजनेत रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा औषधखर्च १५ दिवसांपुरता धरलेला आहे. पंधरा दिवस आणि पंधरा वर्षे यांमधील अंतर शेवटी घरालाच भरून काढावे लागते. काही सार्वजनिक संस्थांत औषधे सवलतीत मिळतात, तरी तेथपर्यंत पोचण्याचाही खर्च असतोच.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने निकटचे नातलग कोण, ते ठरवून दिले : पती-पत्नी, मुलगे-मुली, आई-वडील, भाऊ-बहिणी. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांची भर पडली. या यादीत सून नाही. देण्याच्या अधिकारापुरते ते ठीक आहे. पण घराच्या जमाखर्चात तिचे नाव प्रारंभीच येते : तिचे दागिने सोनाराकडे जातात, तिच्या मुलांची शाळा बदलते, पथ्याचा स्वयंपाक तिच्याकडे येतो, आणि तिचा नवरा दाता असेल तर त्याच्या प्रकृतीची चिंताही तीच वाहते. चित्रलेखा कार्नाडांच्या कल्पनेतली असली, तरी आपल्या घरांत तिचा वावर जुना आहे.

हाच कायदा दात्याची संमती मुक्त असावी असे सांगतो. दात्याला इतरांपासून वेगळे बसवून विचारण्याची पद्धतही आहे. वैद्यकाने यदूला नकाराचा अधिकार दिला. आपल्या कथेने मात्र अजून त्याचा शाप मागे घेतलेला नाही. दोन लहान मुलांचा बाप ‘मला जमणार नाही’ असे म्हणतो, तेव्हा नातेवाइकांच्या बैठकीत त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे सांगणारी मराठी कथा लिहिली जाणे अगत्याचे आहे.

कोणी म्हणेल, संकटातल्या माणसाच्या विनंतिपत्राची समीक्षा करणे निर्दयपणाचे आहे; त्याला चार ओळींत काळजाला हात घालावाच लागतो. आक्षेप रास्त आहे, पण त्याचा रोख आवाहनकर्त्याकडे नसून आपल्याकडे, म्हणजे वाचकांकडे असावा. आपण त्यागाच्या प्रसंगावर द्रवतो आणि औषधाच्या पावतीवर द्रवत नाही, हे जाणूनच तो तसे लिहितो. वाचकाची अभिरुची बदलली तर लेखनही बदलेल.

हा बदल आपल्या मंडळांना सहज आरंभता येईल. आवाहनात शस्त्रक्रियेच्या रकमेखाली पुढील पाच वर्षांचा औषधखर्च स्वतंत्र ओळीत लिहिला जावा. देणाऱ्यांनी एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी दरमहा लहान रक्कम देण्याचे ठरवावे. पन्नास घरांनी महिन्याला २०० रुपये दिले तर वर सांगितलेले १०,००० पुरे होतात. पन्नास मराठी घरे बडोद्यात, इंदुरात किंवा बेळगावात एका गल्लीत नसली, तरी एका मंडळात नक्कीच असतात. आणि दात्याविषयी, त्याच्या घराविषयी दोन वाक्ये अधिक लिहावीत. पहिले देणे त्यांनी दिलेले असते. पुढची वर्षेही त्यांच्यावरच टाकून आपण मोकळे होऊ नये.