कच्चं लिंबू आणि ‘स्किप’चं बटण

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं मुलांच्या कंप्युटर-खेळात काय काम? काम आहे. ‘खेळ म्हणजे काय’ हा प्रश्न आमच्या शास्त्रात चांगलाच मुरलेला आहे, आणि आजच्या घडीला तो सगळ्यांत उघडा पडलेला कुठे दिसत असेल तर ‘ऑबी’ नावाच्या खेळप्रकारात. तेव्हा आज आम्ही ऑबीचं परीक्षण करणार आहोत, एखाद्या पुस्तकाचं करावं तसं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ‘ऑब्स्टकल कोर्स’ म्हणजे अडथळ्यांची वाट. त्याचं पोरांनी केलेलं लाडकं रूप म्हणजे ऑबी. शब्द रूढ झाला तो २००६ साली सुरू झालेल्या रोब्लॉक्सवर, जिथे वापरणारेच खेळ बनवतात आणि इतरांना खेळायला देतात. आता त्याच्या बाहेरही, नुसत्या ब्राउझरमध्ये, काही डाउनलोड न करता चालणारे ऑबी ढिगाने सापडतात. ठेवण सगळ्यांची एकच. हवेत तरंगणाऱ्या रंगीत फळ्या आणि एक चौकोनी अंगाचं बाहुलं. डब्ल्यू, ए, एस, डी या कळांनी ते चालतं, स्पेसबारने उडी मारतं. लाल ठोकळ्याला पाय लागला की मेलं. खाली पडलं की मेलं. काही फळ्या पाय टेकताच विरून जातात, कुठे आडवा दांडा गरागरा फिरत असतो. मेल्यावर बाहुलं शेवटच्या चेकपॉइंटवर पुन्हा उभं. कथा नाही, शत्रू नाही. टप्पा सतरा झाला की टप्पा अठरा.

आता बघा, कादंबरीतलं एखादं प्रकरण गाळून वाचलं तरी कादंबरीचं काहीतरी हाती राहतं. ऑबीतून अडथळा काढला तर काय राहतं? सरळ रस्ता. या खेळापाशी अडथळ्याशिवाय दुसरी पुंजीच नाही. आम्हाला तो आवडतो तो या गरिबीमुळेच, आणि त्याची पारखही तिथेच करायला हवी.

विट्गेन्स्टाइन यांच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असं प्रतिपादन आहे, की सगळ्या खेळांत समान असं एकच लक्षण शोधू जाल तर ते सापडत नाही; एका घराण्यातल्या माणसांची नाक-डोळ्यांत सरमिसळ दिसावी तसं त्यांचं नातं असतं. बर्नार्ड सूट्स नावाचे कॅनडात, वॉटर्लू विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक होते, त्यांना हे पटलं नाही. १९७८ साली ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात त्यांनी व्याख्या करून दाखवली. तिचा मथितार्थ आमच्या शब्दांत असा: खेळणारा माणूस सोपी वाट समोर असताना जाणूनबुजून अवघड वाट धरतो, आणि ती धरतो एवढ्याचसाठी, की त्याशिवाय खेळच होत नाही. आपल्याला हे समजायला कॅनडाला जायची गरज नाही. लंगडी आठवा. दोन धडधाकट पाय असलेलं पोर एक पाय वर उचलून दुसऱ्याला पकडायला निघतं. कोणी दोन्ही पायांनी धावत जाऊन गडी बाद करू लागला तर पोरं म्हणतील, हा काय खेळ झाला?

मग चेकपॉइंट ही सवलतच नाही का, असं कोणी विचारेल. काही रचनाकारांना तसं वाटतंही. २०१८चा ‘टॉवर ऑफ हेल’ हा रोब्लॉक्सवरचा गाजलेला ऑबी. त्यात चेकपॉइंट नावाची गोष्टच नाही. घड्याळ चालू असतं, मनोऱ्यातले टप्पे दर फेरीला बदलतात, आणि वरून पडलात की पार तळापर्यंतही जाऊ शकता. तोही खेळ खराच. पण आमच्या मते चेकपॉइंटने अडथळा कमी होत नाही. तुम्ही जे ओलांडलंत ते ओलांडलंत, एवढीच ती नोंद आहे. पुढची उडी तुमची तुम्हालाच मारायची असते.

‘स्किप’च्या बटणाची गोष्ट वेगळी. पुष्कळ ब्राउझर-ऑबींत पडद्याच्या कडेला ते असतं. जाहिरात बघा, हा टप्पा वगळा. रोब्लॉक्सवरच्या अनेक ऑबींत हेच काम तिथल्या रोबक्स या चलनात होतं. ज्या एका गोष्टीसाठी मूल तिथे आलं, ती गोष्ट न करण्याचा हा सौदा. भेळवाल्याने म्हणावं, थोडे पैसे जास्त द्या, म्हणजे तुम्हाला भेळ खावी लागणार नाही!

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. खेळात पैसा आजच शिरला का? १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये पिंपांवरून उड्या मारत वर चढायचं असे, तेव्हाही यंत्रात नाणं टाकावंच लागायचं. जीव संपले की दुसरं नाणं. खरं आहे. पण नाण्याने तिथे काय मिळे? आणखी एक प्रयत्न. स्किपमध्ये मिळते ती प्रयत्नापासून सुटका. दोन्हीकडे गल्ला भरतो, म्हणून दोन्ही व्यवहार एक होत नाहीत. आणखी एक फरक आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. जिथे सुटका विकली जाते तिथे रचनाकाराला टप्पा जरा जास्तच वैतागवाणा करण्याचा मोह होणार. फळी बोटभर लांब सरकवली की जाहिराती वाढतात. मग मुलाला कळेना होतं, की आपण कमी पडतोय की फळीच तशी ठेवली आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘तू कमी पडतोयस’ हे खोटं सांगणं आम्हाला जाहिरातीपेक्षा जास्त खुपतं.

मुलांना यातलं काही कळत नाही असं समजू नका. आमच्या सोसायटीत तीन पोरं एका लॅपटॉपभोवती बसलेली असतात. एकाने टप्पा चाळीस गाठल्याचं जाहीर केलं, तर दुसरा म्हणाला, “तू दोनदा ॲड बघून गेलास, ते धरत नाही.” धरत नाही! सूट्स यांचं अख्खं पुस्तक या दोन शब्दांत बसतं.

पण लहान मूल खरोखरच अडलं तर? रडकुंडीला आलं तर? याचं उत्तर आपल्या अंगणात कधीचं तयार आहे: कच्चं लिंबू. लपाछपी रंगात आलेली असते आणि घरातलं धाकटं भावंडं ‘मला पण’ म्हणत येतं. मोठी मुलं त्याला घेतात. ते सापडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. सवलतच ही, पण बघा कशी आहे. ती खेळणाऱ्यांनी आपसांत ठरवून दिलेली असते, फुकट असते आणि सगळ्यांना माहीत असते. पोर पळतं, लपतं, धापा टाकतं. खेळातलं काहीही त्याचं चुकत नाही. शिवाय एक दिवस तेच तणतणत सांगतं, की मी आता कच्चं लिंबू नाही, माझ्यावर पण राज्य येऊ दे. स्किपचं बटण वापरणाऱ्याला कच्चं लिंबूच करतं, पण एकट्याला, किंमत घेऊन, आणि पळू न देता.

कंप्युटरवर चांगलं कच्चं लिंबू अशक्य नाही. २०१८च्या ‘सेलेस्ट’ या खेळात, जो भलताच अवघड आहे, मदतीची एक सोय आहे. तीत खेळाचा वेग कमी करून घेता येतो. वेगळे पैसे नाहीत, जाहिरात नाही. उडी हळू होते, पण ती तुम्हीच मारता. आणि ब्राउझरमधलंच उदाहरण हवं असेल तर ‘फायरबॉय अँड वॉटरगर्ल’ घ्या, २००९ सालचा. २०२०च्या अखेरीस फ्लॅशचा आधार सुटला तेव्हा ब्राउझरमधले किती खेळ बंद पडले. हा नव्या तंत्रावर येऊन टिकला. एकाच कीबोर्डवर दोन मुलं: एकाकडे बाणांच्या कळा, दुसऱ्याकडे अक्षरांच्या. अग्निपोराला पाणी चालत नाही, जलपोरीला आग चालत नाही, आणि हिरवा चिखल दोघांनाही मारतो. दोघं आपापल्या दाराशी पोचल्याशिवाय पातळी संपत नाही. म्हणजे थोरल्याला दारात उभं राहून धाकटीची वाट बघावी लागते. तो ओरडतो, “आता उडी मार, आता!” ती पुन्हा पडते. पातळी पहिल्यापासून. रचनेच्या दृष्टीने आम्ही याला कुठल्याही शंभर टप्प्यांच्या ऑबीच्या वर ठेवू, कारण अडलेल्यासाठी यात बटणाच्या जागी शेजारी बसलेला माणूस आहे.

कच्च्या लिंबाला खेळाडू म्हणावं की नाही, हा प्रश्न सूट्स यांच्या व्याख्येला जरा अडचणीचा आहे. ते पोर अवघड वाट पुरती पत्करत नाही, आणि तरी खेळत असतं. ती चर्चा पुढच्या व्याख्यानात करू. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे. विचारा.