मोठा सुतार आणि वाळकें खोड

डॉ. सलीम अलींचें भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक १९४१ सालीं निघालें. त्याचा खरा गुण रंगीत चित्रांपेक्षां मापांत आहे. अनोळखी पक्षी चिमणी, मैना अशा नित्य परिचयाच्या पक्ष्यांशीं ताडून दाखविण्याची ही रीत वाचकास थेट रानांत नेते.

आपल्याकडे मात्र नांवापासूनच घोटाळा! अंगणांत तुरा मिरवीत किडे टिपणाऱ्या हुदहुदालाही पुष्कळ लोक सुतारच म्हणतात. खरा सुतार शेपटीच्या ताठ पिसांचा टेकू घेऊन खोडावर उभा चढतो. सिंधुदुर्गांत तिलारीच्या रानांतील मोठा काळा सुतार तर जवळजवळ डोमकावळ्याएवढा. पोट पांढरें, नराचा तुरा तांबडा. पुष्कळदां तो दिसण्यापूर्वीं वाळक्या खोडावरील त्याचा ठोकाच ऐकूं येतो.

परंतु चित्रांच्या पुस्तकांत पक्षी ठळक आणि झाड केवळ पार्श्वभूमी, ही ह्या प्रकाराची मर्यादा होय. ज्या खोडांत तो मुंग्या शोधतो व घरटें कोरतो, तें आपण निव्वळ सरपण समजतों. २०२० सालीं तिलारीस संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, हें उत्तमच झालें. पण गांवोगांवच्या देवरायांतील वाळलेलीं झाडें राखावयाचीं कोणीं? हा प्रश्न वाचकाच्या मनांत उभा करील, तेंच पुस्तक पक्ष्याची ओळख पुरी करून देईल.