कोरी फाइल काय सांगते?

समजा, एक माणूस 1968 मध्ये अमेरिकेच्या सैन्यात मेकॅनिक होता. ट्रकवरून उतरताना त्याचा गुडघा दुखावला. सोबत्यानं पट्टी बांधली, दोन दिवस तो लंगडला आणि पुन्हा कामाला लागला. आज त्याच गुडघ्याची झीज झाली आहे, म्हणून तो सरकारकडे अपंगत्वाच्या भरपाईचा दावा करतो. सेवाकाळातली वैद्यकीय फाइल उघडली जाते. तीत गुडघ्याबद्दल अवाक्षर नाही. ही कोरी जागा त्याच्या विरुद्धचा पुरावा मानायची का?

उत्तराची घाई करू नका. तुम्ही उद्या कुणाच्या तरी नोंदींवरच काम करणार आहात, आणि त्यात रिकामे रकाने असणारच. म्हणून आज एखादा पेपर न घेता अमेरिकेच्या व्हेटरन्स अफेअर्स खात्याची, म्हणजे व्हीएची, पुराव्याची पद्धत तपासायला घेतली आहे. माझ्या मते तिच्यात रिसर्चच्या विद्यार्थ्याने शिकण्यासारखं बरंच आहे, आणि एका जागी ती चुकतेही.

आधी ढोबळ रचना बघू. साध्या दाव्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आज आजार आहे, सेवेत असताना काहीतरी घडलं होतं, आणि या दोन्हींमध्ये संबंध आहे. बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा साधारण सारखाच भरला, तर संशयाचा फायदा दावेदाराला मिळतो. डॉक्टरलाही 'संबंध असण्याची शक्यता निदान निम्मी आहे का?' एवढंच सांगायचं असतं. पी-व्हॅल्यू 0.05 च्या सवयीत वाढलेल्या आपल्याला हे फारच सैल वाटतं. पण उंबरठा कुठे ठेवायचा, हे कोणती चूक जास्त महाग पडते यावर ठरतं. खऱ्या जखमीला परत पाठवणं ही चूक इथे जास्त वाईट मानली आहे. आपला 0.05 सुद्धा असाच कुणीतरी ठरवलेला आकडा आहे, हे आपण विसरतो.

आता कोऱ्या जागेकडे येऊ. कोरेपणा तीन प्रकारचा असतो. माणसानं सांगितलंच नाही. सांगितलं, पण कुणी लिहिलं नाही. लिहिलं, पण कागद गेला. तिन्ही ठिकाणी फाइल सारखीच दिसते, अर्थ मात्र वेगळा असतो.

पहिल्या प्रकारात लैंगिक अत्याचार येतात. सैन्यात अशा घटनांची तक्रार बहुतेक वेळा होतच नाही. म्हणून 2013 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने सांगितलं की तक्रारीची नोंद नाही, एवढ्यावरून अत्याचार झाला नाही असं धरता येणार नाही. यामागचं सूत्र वहीत लिहून ठेवा: जी गोष्ट घडली असती तर एरवी नोंदली गेलीच असती, तिच्याच बाबतीत नोंद नसण्याला वजन आहे. बाकी ठिकाणी कोरी जागा म्हणजे फक्त कोरी जागा.

हे सूत्र उलट बाजूनंही चालतं, आणि त्याचं छान उदाहरण आपल्याकडे आहे. एका जवानाला फिटच्या आजारामुळे सैन्यातून घरी पाठवलं गेलं. मेडिकल बोर्डाचं म्हणणं होतं की आजार त्याच्या प्रकृतीतलाच आहे, सेवेशी त्याचा संबंध नाही. 2013 मध्येच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला अपंगत्व पेन्शन मान्य केलं. भरतीच्या वेळच्या तपासणीत आजाराची नोंद नव्हती, म्हणजे तो तेव्हा निरोगी होता असं धरायचं, आणि बोर्डाचं मत वेगळं असेल तर त्याने कारणं द्यायची. इथे कोऱ्या जागेला वजन मिळालं, कारण भरतीची तपासणी असते ती दोष शोधण्यासाठीच. ज्या कागदाचं कामच शोधणं आहे, त्याचं मौन बोलतं.

दुसऱ्या प्रकारात मला व्हीएची पद्धत खटकते. प्रत्यक्ष लढाईत असलेल्या सैनिकाचं स्वतःचं सांगणं तिथल्या परिस्थितीशी जुळत असेल, तर नोंद नसली तरी घटना झाली असं कायदा बहुतेक वेळा मान्य करतो. कारण उघड आहे: गोळीबारात केसपेपर कोण भरणार? पण आपला मेकॅनिक लढाईत नव्हता, म्हणून ही सवलत त्याला नाही. त्याच्याही पट्टीची नोंद कुणी केली नव्हती. 2006 च्या एका निकालानुसार केवळ त्या काळचा कागद नाही म्हणून त्याचं म्हणणं फेकून देता येत नाही, पण कागद नसणं त्याच्या विरुद्ध तोलता मात्र येतं. प्रश्न 'लढाई होती का' असा नसून 'अशा दुखापतीची तिथे नोंद होत होती का' असा हवा होता. कायद्याने योग्य प्रश्नाच्या जागी मोजायला सोपा प्रश्न ठेवला. आपण प्रॉक्सी व्हेरिएबल निवडतो तेव्हा नेमकं हेच करतो.

तिसरा प्रकार सर्वात दुःखद आहे. 12 जुलै 1973 रोजी सेंट लुइस इथल्या सरकारी अभिलेखागाराला आग लागली आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली गेल्या. 1912 ते 1960 या काळात सेवा संपलेल्या लष्करी सैनिकांच्या सुमारे 80 टक्के नोंदी जळाल्या. दुसरी प्रत नव्हती. या आगीला कुणाच्या आजाराशी देणंघेणं नव्हतं, त्यामुळे संख्याशास्त्राच्या दृष्टीनं इथलं मौन कुठल्याच बाजूनं काही सांगत नाही. न्यायालयंही व्हीएला जास्त काळजीनं कारणं द्यायला सांगतात. पण सिद्ध करण्याचं ओझं कमी होत नाही. फाइल सरकारच्या ताब्यात जळाली, तरी तोटा म्हाताऱ्या सैनिकाचा. हा प्रश्न डेटाचा उरत नाही, न्यायाचा होतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याही इम्प्युटेशनच्या पद्धतीत सापडणार नाही.

शेवटचा मुद्दा कागदांच्या गठ्ठ्याचा. घाबरलेला दावेदार मिळेल तो कागद जोडतो, जसे आपण थिसिसला संदर्भ जोडतो. पण 2008 मध्ये माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या न्यायालयाने स्पष्ट केलं की डॉक्टरने पूर्ण फाइल वाचली एवढ्यानं त्याच्या मताला वजन येत नाही. वजन येतं ते बरोबर तथ्यांवर उभ्या असलेल्या, नीट मांडलेल्या कारणमीमांसेमुळे. 'संबंध असू शकतो' एवढ्या एका ओळीपेक्षा 'गुडघ्याची अशी झीज जुन्या दुखापतीनंतर का होते आणि या माणसात दुसरं कारण का दिसत नाही' हे सांगणारा एक परिच्छेद जास्त कामाचा. अडचण अशी की असा परिच्छेद लिहून देणारा डॉक्टर प्रत्येकाला परवडत नाही.

हे सगळं मी शहाणपणानं लिहितोय, पण पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका रुग्णालयाच्या जुन्या केसपेपरांचा डेटा साफ करताना 'तंबाखू' या रकान्यातल्या सगळ्या रिकाम्या जागा मी 'नाही' म्हणून भरल्या होत्या. गाइडनी एवढंच विचारलं, "सगळ्यांना विचारलं होतं का रे?" विचारलं नव्हतं. गर्दीच्या ओपीडीत कोण विचारतो! दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. माझे दोन महिनेच गेले. तिकडे तीच चूक एखाद्याचा महिन्याचा खर्च थांबवते.

तेव्हा तुमच्या डेटात रिकामा रकाना दिसला की आधी शोधा: इथे कोण विचारत होतं, कोण लिहीत होतं, आणि तो कागद कुणाकडे होता?