लिथियाचें धर्मसंकट

परग्रहावर बुद्धिमान् जीव सांपडला तर ख्रिस्ती धर्माचें काय होईल, हा प्रश्न आमच्या वाचकांस प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. ज्यांच्या पुराणांत चौदा भुवनें आहेत आणि ज्यांचा देव अनंत कोटि ब्रह्मांडांचा नायक आहे, त्यांना आणखी एका लोकाची भर पडल्यानें कसला धक्का बसणार? परंतु ह्यांत आपली कांहीं विशेष बहादुरी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें एकाच डावावर सर्वस्व लावलें आहे, त्यालाच हरण्याची भीति असते. ख्रिस्ती श्रद्धेनें तसें लावलेलें आहे. देव एकदाच, एकाच देशांत मनुष्य झाला आणि क्रूसावर त्यानें आदामाच्या वंशाचें पाप फेडलें. मग जो आदामाच्या वंशांतला नाहीं, त्याची वाट काय?

प्रश्न जुना आहे. १७९४ सालीं टॉमस पेन ह्यानें ‘द एज ऑफ रीझन’ ह्या ग्रंथांत ह्याच मुद्द्यावर पाद्र्यांची टर उडविली. जगें अनंत असतील तर ईश्वरपुत्राला एका जगांतून दुसऱ्या जगांत मरत हिंडण्यावांचून दुसरा उद्योग उरणार नाहीं, असा त्याच्या थट्टेचा आशय होता. ग्लासगोचे धर्मोपदेशक टॉमस चामर्स ह्यांनीं १८१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ज्योतिषविषयक प्रवचनांत असल्या आक्षेपांस उत्तर देतांना, नव्याण्णव मेंढरें सोडून हरवलेल्या एकाच्या शोधास निघणारा मेंढपाळ पुढें केला. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल ह्यांनीं १८५३ सालीं निनांवी पुस्तक लिहून इतर ग्रह ओसाडच असावेत असें प्रतिपादिलें. पृथ्वीचा बहुतेक सर्व काळ मनुष्यावांचून गेला, मग अवकाशहि तसाच रिकामा असावयास काय हरकत आहे, हा त्यांचा युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. पुढें १९९५ पासून सूर्यासारख्या ताऱ्यांभोंवतीं ग्रह सांपडूं लागले. त्यांची संख्या ५,५०० च्या पलीकडे गेली, जीव मात्र एकावरहि आढळलेला नाहीं. २००८ सालीं व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तत्कालीन संचालक होसे गाब्रिएल फुनेस ह्यांना हाच प्रश्न विचारण्यांत आला, तेव्हां त्यांनींहि चामर्स ह्यांचेंच मेंढरूं बाहेर काढलें! सुमारें दोन शतकें एकच दृष्टान्त पुरतो, हें दृष्टान्ताचें सामर्थ्य कीं युक्तिवादाचें दारिद्र्य, हें आम्ही वाचकांवर सोंपवितों.

धर्मशास्त्रज्ञ दृष्टान्तावर भागवूं शकतो. कादंबरीकाराला तें जमत नाहीं. त्याला परग्रहावरचा जीव डोळ्यांसमोर उभा करावा लागतो. सी. एस. लुईस ह्यांनीं तो ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ (१९३८) आणि ‘पेरेलांड्रा’ (१९४३) ह्या कादंबऱ्यांत उभा केला. मंगळावरच्या तिन्ही जाती निष्पाप. पतित ती एकटी पृथ्वी, म्हणून विश्वाच्या संभाषणांत ती मुकी. शुक्रावर तरंगतीं बेटें, तेथली हिरवी राणी, आणि स्थिर भूमीवर रात्र न काढण्याची तिला असलेली आज्ञा. ह्या बेटांचें वर्णन वाचतांना आम्ही स्वतःला विसरलों, हें कबूल केलें पाहिजे. परंतु वाद म्हणून पाहूं गेल्यास लुईस पैज आधींच जिंकून खेळावयास बसतात. जेथें पाप नाहीं तेथें क्रूसाची गरज नाहीं. आणि पृथ्वीवर देवानें मनुष्यरूप घेतल्यामुळें पुढील नव्या जगांत बुद्धीनें मनुष्याकृतीच धारण करावयाची! परका जीव परका राहतच नाहीं.

जेम्स ब्लिश ह्यांची ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ (१९५८) भाषेच्या श्रीमंतींत लुईसच्या जवळपासहि येत नाहीं. तिचा उत्तरार्ध तर विस्कळित आहे. पृथ्वीवर वाढलेल्या त्या परग्रहीय पोराचा धिंगाणा आम्हांस कंटाळवाणा वाटला. पण पूर्वार्धांत लेखकानें प्रश्नाला हात घातला आहे. रामोन रुईझ-सांचेझ हा जेझुइट जीवशास्त्रज्ञ लिथिया ग्रहावर जातो. तेथले उंच, सरड्यासारखे रहिवासी खोटें बोलत नाहींत, लढत नाहींत, एकमेकांस फसवीत नाहींत. आणि त्यांना देव ठाऊक नाहीं, त्याची उणीवहि भासत नाहीं. पाद्री हादरतो तो त्यांच्या दुष्टपणामुळें नव्हे, चांगुलपणामुळें. ईश्वरावांचून असा सदाचार शक्य असेल तर आपण जन्मभर सांगितलें तें काय? शेवटीं तो ठरवितो कीं, हें जग सैतानानें रचलें असलें पाहिजे. पण सैतानाला निर्मितीचें सामर्थ्य देणें हें त्याच्याच धर्मांत पाखंड! असा तो दुहेरी पेंचांत सांपडतो. लेखक स्वतः अज्ञेयवादी. तरीहि त्यानें पाद्र्याची यातना थट्टेवारी नेली नाहीं, ह्याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें.

आमचें स्वतःचें शिक्षण एका मिशनरी महाविद्यालयांत झालें. तेथें इंग्रजी काव्य शिकविणारे वृद्ध पाद्री आम्हां ब्राह्मण, मराठा, पारशी मुलांवर पोटच्या पोरांसारखी माया करीत. त्यांच्या धर्माप्रमाणें आमची गति काय होणार, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस कधीं झालें नाहीं. आणि त्यांनींहि तें कधीं सांगितलें नाहीं. लिथियाचें प्रकरण वाचतांना त्यांची मुद्रा एकसारखी डोळ्यांपुढें येत होती. परग्रहावरचा सज्जन सांपडण्यापूर्वींच ख्रिस्ती श्रद्धेस पृथ्वीवरचा सज्जन सांपडलेला होता, आणि त्याच्या अंगावर खवले नव्हते एवढाच काय तो फरक. म्हणून उद्यां एखाद्या दूरच्या ग्रहावर नुसते जंतु आढळले तर ह्या श्रद्धेचें कांहीं बिघडेल असें आम्हांस वाटत नाहीं. बोलणारा, विचार करणारा जीव भेटला तरी नवी शंका उत्पन्न होणार नाहीं, जुनीच पुन्हा दार ठोठावील.

ब्लिशचा पाद्री अखेरीस चंद्रावर बसून दूरच्या लिथियाकडे पाहत भूतनिवारणाचा मंत्र म्हणतो, आणि तो ग्रह नाहींसा होतो. मंत्रानें, कीं तेथें चाललेल्या एका शास्त्रज्ञाच्या चुकलेल्या प्रयोगानें, तें लेखक सांगत नाहीं. आमचे ते वृद्ध गुरु, आम्ही लिहिलेल्या निबंधांतील चुका तांबड्या शाईनें दुरुस्त करून, पुढल्या मुलाची वही ओढून घेत.